गोव्यात जूनचा दिवस सर्वांत मोठा, मग सोलरचे युनिट निम्मे का?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. डिचोलीत तुमचं घर आहे. गेल्या ऑक्टोबरात स्लॅबवर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. पॅनलांचं तोंड दक्षिणेला, उतार पंधरा अंशांच्या आसपास. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज तेरा-चौदा युनिट पडत होते, ते जूनअखेर सहावर आले. २१ जूनचा दिवस वर्षातला सर्वांत मोठा, मोबाइलवर तेरा तासांचा दाखवतो, म्हणजे खरं तर तेव्हाच युनिट जास्त पडायला हवेत. इंग्लंडात स्विंडनला राहणाऱ्या तुमच्या भावाकडे तेवढंच सोलर आहे आणि त्याला सर्वांत जास्त वीज जूनमध्येच मिळते. त्यात जूनमधल्या एका उघडिपीत तुम्ही भर दुपारी गच्चीवर गेलात, तर तुमची सावली दक्षिणेला पडलेली. सूर्य उत्तरेकडे आणि पॅनल दक्षिणेकडे! म्हणून विचारताय की फिटरने फसवलं का, आणि पॅनल उत्तरेकडे वळवून घ्यावेत का.

फसवलेलं नाही, आणि पॅनल वळवू नका. तुमची गच्ची मी पाहिलेली नाही, त्यामुळे झाडं, टाकी, शेजारचा मजला यांच्यावर अवलंबून असलेल्या गोष्टी जिथे येतील तिथे तसं सांगेन. पण तुम्ही दिलेल्या आकड्यांत मला काहीही बिघडलेलं दिसत नाही. फोंड्याच्या आसपास बावीस वर्षं मी हेच काम करतोय. आधी पाणी तापवायचे बंब बसवायचो, आता पॅनल बसवतो. जूनअखेरीला तीन किलोवॅटवर सहा युनिट म्हणजे आपल्याकडे नेहमीचंच. झडीच्या दिवशी दोनसुद्धा पडतात.

गोंधळ होतो तो असा, की दिवस मोठा म्हणजे ऊन जास्त असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सूर्य किती तास वर असतो ही पहिली. तो किती उंच चढतो ही दुसरी. आणि मधलं आभाळ किती मोकळं आहे ही तिसरी. स्विंडनला पहिल्या दोन गोष्टी वर्षभरात प्रचंड बदलतात. आपल्याकडे त्या दोन्ही थोड्याच बदलतात आणि सगळा खेळ तिसरीवर येतो. भावाचं गणित तुमच्या गच्चीवर लागू पडत नाही ते यामुळे.

पहिली गोष्ट घेऊ. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, डिसेंबरात पाठ फिरवलेला. ऋतूंचं कारण हा कल आहे, अंतर नव्हे. सूर्य आपल्या सर्वांत जवळ असतो तो जानेवारीच्या सुरुवातीला आणि सर्वांत लांब जुलैच्या सुरुवातीला. आता हा कल दिवसाच्या लांबीत किती दिसावा, हे तुम्ही विषुववृत्तापासून किती दूर आहात त्यावर ठरतं. कन्याकुमारीला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत तासाभराचाही फरक नाही. पणजी साडेपंधरा अक्षांशावर आहे. इथे २१ जूनचा दिवस १३ तास ३ मिनिटांचा आणि २२ डिसेंबरच्या आसपासचा ११ तास १२ मिनिटांचा, म्हणजे फरक पावणेदोन तासांहून थोडा जास्त. दिल्लीत तोच साडेतीन तासांच्या पुढे जातो. आणि स्विंडन साडेएक्कावन्न अक्षांशावर, तिथे जूनमध्ये साडेसोळा तासांहून मोठा दिवस आणि डिसेंबरात आठ तासांच्याही आत. म्हणजे दुपटीहून जास्त.

हा बदल रोजचा किती, तेही बघा. मार्च आणि सप्टेंबरात, म्हणजे दिवस-रात्र समान असतात तेव्हा, दिवस सर्वांत वेगाने वाढतो किंवा घटतो. गोव्यात तो वेग दिवसाला मिनिटभरही नाही. स्विंडनला चार मिनिटं! आठवड्याला जवळजवळ अर्धा तास. तुमचा भाऊ म्हणत असेल की मार्चमध्ये बघता बघता संध्याकाळ लांबते, तर ते खरंच आहे. आपल्याकडे ते जाणवतही नाही. दिवेलागणीचंही तसंच. आपला सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो, त्यामुळे मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार. तिथे तो तिरका घसरत जातो आणि जूनमध्ये संधिप्रकाश कितीतरी वेळ रेंगाळतो.

दुसरी गोष्ट उंचीची, आणि सोलरसाठी ती तासांहूनही मोठी. २१ डिसेंबरला भर दुपारी गोव्यात सूर्य क्षितिजापासून ५१ अंश वर असतो. स्विंडनला त्याच दिवशी जेमतेम १५ अंश. पंधरा अंशांवरचं ऊन जमिनीवर पसरत येतं. जेवढं ऊन आपल्या अंगणातल्या एका सुपावर पडतं, तेवढंच तिथे तीन सुपांवर वाटलं जातं, आणि त्याला हवेतूनही जास्त लांब यावं लागतं. मे महिन्यात आमसुलं दुपारच्या उन्हात कशी झपाट्याने सुकतात आणि संध्याकाळचं ऊन तासभर दिलं तरी त्यांना काही होत नाही, हे आपल्या घरांत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ते याचंच रूप.

आता दोन्ही गोष्टी एकत्र धरून हिशोब करू. क्षणभर समजा की हवा नाही, ढग नाहीत. आभाळाच्या वर एक चौरस मीटरची आडवी फळी ठेवली तर २१ जूनला गोव्यावर दिवसभरात साधारण साडेदहा युनिट ऊर्जा पडते आणि डिसेंबरात पावणेआठ. स्विंडनवर जूनमध्ये साडेअकरा, आणि डिसेंबरात दोनसुद्धा नाही. परत वाचा. जूनमध्ये स्विंडनच्या वाट्याला आपल्यापेक्षा जास्त येतं! दिवसच इतका लांब असतो की सूर्य कमी उंच असूनही बेरीज वर जाते. म्हणून तुमच्या भावाचा जून भरघोस. पण डिसेंबरात त्याच्या हाती काही उरत नाही आणि आपल्याकडे जूनच्या पाऊणपट शिल्लक असतं. वर्षाची बेरीज केलीत तर तुम्ही त्याच्या बरेच पुढे असाल. जूनच्या आसपासचे दिवस तेवढे त्याचे.

आणि आता तिसरी गोष्ट, जी गोव्यात बाकी दोघींना गिळून टाकते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो, २१-२२ जूनला सूर्य आर्द्रात जातो. म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा दिवस आपल्याकडे नेमका पावसाच्या तोंडात येतो. तेरा तास सूर्य वर असतो, दुपारी ८२ अंशांपर्यंत चढतो, आणि आपल्याला दिसत नाही. ढगांतून झिरपून येतो तो फक्त पसरलेला उजेड. याउलट ऑक्टोबरच्या मध्यापासून मेपर्यंत दिवस लहान, पण आभाळ स्वच्छ. आपलं उन्हाचं पीक तेव्हा येतं. पॅनल बसवायचे ते पीक ज्या हंगामात येतं त्या हंगामाकडे बघून.

यातच तुमच्या दक्षिण-उत्तरेच्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुम्ही पाहिलेली सावली खरी आहे. साधारण २-३ मे या दिवसांत आणि परत १०-११ ऑगस्टच्या आसपास सूर्य गोव्याच्या बरोबर डोक्यावरून जातो. शून्य सावली दिवस म्हणतात ते हेच. या दोन तारखांच्या मधले शंभरेक दिवस दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. पण किती उत्तरेला? २१ जूनला, म्हणजे सर्वांत जास्त, फक्त आठ अंश. तुमची दुपारची सावली वीतभर पडली असेल. डिसेंबरात मात्र तो डोक्यापासून ३९ अंश दक्षिणेला उतरलेला असतो, आणि त्या दिवसांत आभाळात ढगाचा ठिपका नसतो.

पंधरा अंश दक्षिणेला कललेल्या पॅनलवर २१ जूनला दुपारी ऊन २३ अंश तिरकं पडतं, त्यात सूर्य दिसलाच तर आठ टक्के गेले. तेच पॅनल उत्तरेला वळवलंत तर ते आठ टक्के परत मिळतील, तेही फक्त उघडिपीत. ढगाळ दिवशी उजेड सगळ्या आभाळातून येतो, पॅनलचं तोंड कुठेही असो. आणि त्या बदल्यात काय जाईल? डिसेंबरच्या दुपारी दक्षिणेकडे तोंड करून १०० मिळत असतील तर उत्तरेकडे ६४ मिळतील. पावसातले चार तुकडे गोळा करायला हिवाळ्यातला तिसरा हिस्सा सोडून द्यायचा, असा तो व्यवहार आहे. तुमच्या फिटरने बरोबर केलंय.

पण वर्षातल्या वेगवेगळ्या महिन्यांचा सूर्य मनात न धरता काम केलं की काय होतं, ते मी स्वतःच्या हातून झालेल्या चुकीतून शिकलो. बारा-तेरा वर्षांपूर्वी फोंड्याजवळ एका निवृत्त शिक्षिकेच्या घरावर मी पॅनलांची ओळ बसवली. जागा पाहायला गेलो ती मेमध्ये. स्लॅबच्या दक्षिण कडेला पाण्याची टाकी होती, तळासकट तीन मीटर उंच. मे महिन्यात दुपारी तिची सावली तिच्याच पायाशी, सकाळी पश्चिमेला. माझी ओळ टाकीच्या उत्तरेला दीड मीटरवर, दिवसभर लख्ख ऊन. खूश होऊन परत आलो. बाई रोज संध्याकाळी मीटर बघून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने आकडा लिहायच्या. डिसेंबरात त्यांनी मला बोलावलं आणि पानं उलटून दाखवली. ऑक्टोबर अकरा, अकरा, साडेअकरा, नोव्हेंबरअखेर नऊ, मग सात. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. फक्त त्या आकड्यांवर बोट ठेवून माझ्याकडे बघत होत्या. मी वर गेलो. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि टाकीची सावली तिसऱ्या पॅनलवर आडवी पसरली होती. दुपारी ती सरळ उत्तरेला अडीच मीटरपर्यंत येत होती. एका पॅनलवरची सावली, पण त्या जोडणीत पॅनल एकामागून एक ओवलेले असल्यामुळे ती सगळ्या ओळीला मागे खेचत होती. ओळ उचलून टाकीपासून चार मीटर उत्तरेला नेली, माझ्या खर्चाने. तेव्हापासून कुठल्याही महिन्यात जागा बघायला गेलो तरी डिसेंबरचा सूर्य हाताने मोजल्याशिवाय खाली उतरत नाही.

तुम्हाला मी हेच करायला सांगेन, कारण तुमचे पॅनल ऑक्टोबरात बसले. तेव्हा सूर्य दक्षिणेला निघालेला असला तरी डिसेंबरइतका उतरलेला नसतो. हात पूर्ण लांब केला की आपली बंद मूठ आभाळाचा साधारण दहा अंशांचा तुकडा झाकते. पॅनलांच्या खालच्या कडेपाशी बसा, तोंड दक्षिणेला. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत पाच मुठी चढा. डिसेंबरात दुपारचा सूर्य तिथे. मग आग्नेयेकडे वळा आणि अडीच मुठी मोजा, तो सकाळी नऊचा सूर्य. नैर्ऋत्येला अडीच मुठींवर दुपारी चारचा. या तीन जागांना जोडणारी कमान मनात काढा. तिच्या आड माड, फणस, टाकी, डिशचा खांब यांतलं काही येत असेल तर डिसेंबर-जानेवारीत ते तुमच्या पॅनलवर सावली टाकणार. माडाच्या बाबतीत नुसतं खोड बघू नका, झावळ्या वाऱ्यावर कुठवर येतात ते बघा. आणि पॅनलांहून बारा मीटर उंच असलेला माड डिसेंबरच्या दुपारी दहा मीटर सावली टाकतो, सकाळी नऊला पंचवीस मीटरच्याही पुढे. शेजाऱ्याच्या भाटातला, म्हणजे बागायतीतला, माडसुद्धा तुमच्या हिशोबात येतो तो असा.

यातली दुपार म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावरचं आहे, आणि गोवा त्याच्या पश्चिमेला पावणेनऊ अंशांवर. त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी बारा पस्तीसला. सरासरी म्हणतो, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला असल्यामुळे ही वेळ वर्षभर मागेपुढे सरकते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा अठराच्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्याला बारा एकोणपन्नासच्या सुमारास. पॅनलची वीज घरासाठी बदलून देणारा इन्व्हर्टर दिवसभरातल्या विजेचा जो आलेख दाखवतो, त्याचं शिखर बाराला का नाही, असं मला बरेच जण विचारतात. ते बाराला असूच शकत नाही. शिखर बारा वाजता दिसत असेल तर उलट नंतर कुठली सावली पडते का ते शोधा.

याच सरकण्यामुळे आणखी एक गोष्ट होते, जी सकाळी लवकर उठणाऱ्यांच्या लक्षात येते. दिवस वाढायला लागतो २२ डिसेंबरनंतर, पण गोव्यात सूर्य उगवायला उशीर होतच जातो तो जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत; तेव्हा सात वाजून गेल्यावर उजाडतं. वाढ सगळी संध्याकाळच्या बाजूला. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात ना? २२ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत गोव्यातला दिवस मोजून सहा मिनिटांनी वाढलेला असतो. तीळच. त्याच तीन आठवड्यांत स्विंडनला तो जवळजवळ अर्ध्या तासाने वाढतो. जानेवारीत पहिला युनिट उशिरा सुरू होतो म्हणून कोणी घाबरून जाऊ नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.

मे महिन्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या वर्षी विचाराल. सूर्य डोक्यावर, आभाळ बरंचसं मोकळं, दिवस बारा तास पन्नास मिनिटांचा, तरी युनिट मार्चपेक्षा कमी का? उष्णतेमुळे. पॅनलची क्षमता लिहिलेली असते ती २५ अंश तापमानाला. मेच्या दुपारी पॅनल साठ-पासष्ट अंशांना जातं, आणि दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. म्हणजे दहा-पंधरा टक्के तिथेच गेले. म्हणून स्लॅब आणि पॅनल यांच्यामध्ये वारा खेळेल एवढी जागा हवी. पॅनल स्लॅबला चिकटवून बसवलेले मला मुळीच आवडत नाहीत. शिवाय डिचोली म्हणजे खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ. एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला सकाळी, पॅनल थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसा. पावसाळ्यात धूळ आपोआप जाते, पण खालच्या चौकटीशी पाणी साचून शेवाळ धरतं, ते चवथीच्या आधी एकदा काढाच. उतार दहा अंशांपेक्षा कमी ठेवू नये असं मी म्हणतो ते या शेवाळामुळे, उन्हामुळे नव्हे.

काही गोष्टी घरापरत्वे बदलतात. कौलारू घर असेल आणि उतार पूर्व-पश्चिमच असेल, तर लोक हिरमुसतात. त्यांनी हिरमुसू नये. आपल्या अक्षांशावर सूर्य वर्षभर इतका वरून जातो की पूर्व-पश्चिम बसवल्याने सहसा दहा टक्क्यांच्या आतच घट येते. स्विंडनला ती बरीच जास्त लागली असती. उत्तरेचा तीव्र उतार तेवढा टाळावा. आणि झाडाची सावली अटळच असेल तर प्रत्येक पॅनलला वेगळा छोटा इन्व्हर्टर लावावा. खर्च वाढतो, पण एका पॅनलची सावली सगळ्या ओळीला मारत नाही.

राहिला जून-जुलैचा तुटवडा. तो आपण पुरुमेंतासारखा, म्हणजे पावसाळ्यासाठी आधीच करून ठेवलेल्या साठवणीसारखा, भरून काढायचा. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, असेल तर कोरड्या महिन्यांत वीजखात्याकडे गेलेले युनिट तुमच्या नावावर राहतात. मात्र ते किती काळ राहतात आणि वर्षअखेरचा हिशोब कुठल्या महिन्यात होतो, ते तुमच्या करारातल्या कलमात बघा. मार्चअखेर खातं मिटत असेल तर फेब्रुवारीची साठवण पावसाळ्यापर्यंत पोचणार नाही आणि तुमच्या हातात एप्रिल-मेचेच युनिट असतील. तीन किलोवॅट तुमच्या घराला पुरतात का, हे त्यावर ठरेल.

आत्ता जूनची तुलना मार्चशी करू नका. रोजचा आकडा लिहून ठेवा आणि पुढचा जून या जूनशी ताडून बघा. पाऊस कमी-जास्त असेल त्याप्रमाणे थोडा फरक पडेलच. १५ ते ३० डिसेंबरच्या दरम्यान कुठल्याही स्वच्छ दिवशी सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार वाजता पॅनलांचे तीन फोटो काढा, सबंध ओळ दिसेल असे. एकावरही सावली दिसली तर फोटोसोबत टाकीची किंवा झाडाची उंची आणि पॅनलांपासूनचं अंतर इथे लिहा. ओळ सरकवायची की फांदी तोडायची, ते आकडे बघून सांगतो.